अप्पर-डिपर बदलतं कसं, आणि एकच दिवा मिणमिणतो का?

प्रश्न थोडक्यात असा: "माझी हॅचबॅक चौदा वर्षं जुनी आहे. डिपरवर उजवा दिवा नीट लागतो, डावा मिणमिणतो आणि मीटरमधला अप्परचा निळा दिवा हलकासा उजळतो. अप्परवर टाकलं तरी डावा तसाच. बल्ब बदलला, फरक नाही. गॅरेजवाला म्हणतो कॉम्बिनेशन स्विच बदला. मुळात एकाच बल्बातून अप्पर आणि डिपर बदलतं कसं?"

स्टिअरिंगच्या दांडीचा तो स्विच बदलू नका. डाव्या दिव्याचं अर्थिंग, म्हणजे करंट गाडीच्या बॉडीत परत जायची वाट, गेलंय. वायरचा एक तुकडा, एक थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायची कडी), एक बोल्ट आणि अर्धा तास, एवढंच हे काम आहे. लक्षणं वाचूनच मी हे इतक्या ठामपणे का सांगतोय, ते कळायला तुमचा दुसरा प्रश्न आधी घ्यावा लागेल. निळा दिवा का उजळतो त्याचं उत्तर बल्बाच्या पोटात आहे. मी कराडला महामार्गालगत सत्तावीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय, आणि या एका लक्षणावर विनाकारण बदललेले स्विच किती पाहिले याची गणती सोडून दिली आहे.

काढलेला जुना बल्ब फेकला नसेल तर हातात घ्या. (नव्याच्या काचेला मात्र बोट लावू नका. बोटाचं तेल काचेवर राहतं, तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.) तुमच्या वर्णनावरून गाडीत एच४ जातीचा बल्ब आहे. बुडावरच्या पत्र्यावर १२ व्होल्ट, ६०/५५ वॉट असं लिहिलेलं दिसेल. उजेडाकडे धरून आत पाहा. बारीक तारेच्या दोन गुंडाळ्या दिसतात, यांनाच फिलामेंट म्हणतात. एक बुडाकडे, चारी बाजूंनी उघडी. ही अप्परची, ६० वॉटची. दुसरी टोकाकडे, आणि तिच्या खाली पत्र्याची एक इवलीशी कटोरी, संध्येच्या पळीसारखी. ही डिपरची, ५५ वॉटची. सगळा खेळ या पळीचा आणि दोन गुंडाळ्यांमधल्या काही मिलिमीटर अंतराचा आहे.

दिव्याच्या आतला चकचकीत वाडगा, म्हणजे रिफ्लेक्टर, असा घडवलेला असतो की त्याच्या एका ठरावीक बिंदूवर ठेवलेला प्रकाश आपटून सरळ समोर जातो, पसरत नाही. बुडाकडची गुंडाळी बरोबर त्या बिंदूवर येते. म्हणून अप्परचा झोत लांब, सरळ आणि समोरच्याच्या डोळ्यांत. टोकाकडची गुंडाळी त्या बिंदूच्या जरा पुढे असते. तिचा प्रकाश वाडग्याच्या वरच्या अर्ध्यावर आपटला की खाली रस्त्याकडे वळतो, आणि खालच्या अर्ध्यावर आपटला तर वर आभाळाकडे जाईल. तो खाली जाऊच नये म्हणून कटोरी. डिपर लावला की वाडग्याचा फक्त वरचा अर्धा भाग कामाला लागतो आणि झोत खालीच पडतो.

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांची समजूत अशी असते की अप्पर म्हणजे फुल करंट आणि डिपर म्हणजे कमी करंट, पंख्याच्या रेग्युलेटरसारखं. तसं काही नसतं. ५५ आणि ६० वॉटमध्ये फरक तो किती? डिपर हा मंद केलेला प्रकाश नाही, वरून कापलेला प्रकाश आहे. गाडी भिंतीसमोर उभी करून डिपर लावलात तर कापल्याची रेघ स्पष्ट दिसते: वर अंधार, खाली उजेड. आपण डावीकडून चालतो, म्हणून ती रेघ डाव्या बाजूला १५ अंशांनी वर चढते, म्हणजे रस्त्याच्या कडेचा पायी चालणारा माणूस, मैलाचा दगड, खड्डा लवकर दिसतो आणि उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यांत जात नाही. युरोप-अमेरिकेच्या गाडीतून काढलेले सेकंडहँड दिवे कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. त्यांची रेघ उजवीकडे चढते, म्हणजे बरोबर समोरच्याच्या तोंडावर.

जुन्या मंडळींना आठवत असेल, पूर्वी हेडलाइटच्या काचेवर काळा ठिपका मारत, कोणी वरची अर्धी काच काळी करत. हेतू चांगला होता. पण आत्ता सांगितलेलं डोळ्यांसमोर आणा. डिपर वाडग्याच्या वरच्या अर्ध्यातून येतो, आणि काचेतूनही वरच्याच अर्ध्यातून बाहेर पडतो. वरची अर्धी काच काळी केली की रोखला जातो तो डिपर, आणि अप्परचा अर्धा झोत खालून शाबूत राहतो. म्हणजे सभ्य प्रकाश बंद, आणि मग डिपरवर दिसत नाही म्हणून ड्रायव्हर अप्परवरच गाडी हाकणार. हे मी माझ्या उस्तादांना एकदा बोलून दाखवलं होतं. ते म्हणाले, "रंग मार पोरा, अक्कल नको शिकवू." पोरगा मीच.

एका बल्बात दोन गुंडाळ्या ही कल्पना जुनी आहे. ओसरामने बायलक्स नावाने असा बल्ब १९२४ मध्ये आणला. हॅलोजन आला १९६२ मध्ये, आणि दोन गुंडाळ्यांचा हॅलोजन, म्हणजे आपला एच४, १९७१ मध्ये. त्याआधी लोकांनी नाना प्रकार केले. अमेरिकेत १९१७ च्या सुमारास कॅडिलॅकमध्ये आतून दांडा ओढून दिव्याचा झोतच खाली वाकवायची सोय होती. इंग्लंडमधल्या युद्धाआधीच्या बऱ्याच गाड्यांची तऱ्हा याहून मजेदार. डिपर केला की रस्त्याच्या मधल्या बाजूचा दिवा सरळ विझायचा आणि कडेच्या दिव्यातला रिफ्लेक्टर विजेच्या चुंबकाने खेचून खाली झुकवला जायचा. एका डोळ्याने गाडी चालवायची! हे चुंबकाचं पुढे पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

आता स्विच. जुन्या जीपमध्ये क्लचच्या शेजारी जमिनीवर लोखंडी बटण असायचं, पायाचा डिपर. दाबलं की अप्पर, परत दाबलं की डिपर. आत एक दातेरी चकती असायची, प्रत्येक दाबाला एक घर पुढे. पावसाळ्यात चिखल-पाणी जाऊन गंजणं हा त्याचा एकमेव पण हमखास आजार. नंतर हे सगळं स्टिअरिंगच्या दांडीवर आलं. दांडी पुढे ढकलली की अप्पर, स्वतःकडे ओढून धरली की पास लाइट, म्हणजे धराल तेवढाच वेळ अप्पर, सोडली की परत जागेवर.

दांडीच्या आत पितळी पट्ट्या असतात. एका पट्टीला दिव्याचा करंट येतो, आणि दांडी हलली की ती डिपरच्या पॉइंटवरून अप्परच्या पॉइंटवर जाते. चांगल्या स्विचमध्ये नवा पॉइंट टेकल्याशिवाय जुना सुटत नाही, पायऱ्या उतरताना एक पाय टेकल्यावरच दुसरा उचलावा तसं. नाहीतर वळणावर डिपर मारताना क्षणभर अंधार होईल. पट्टीची स्प्रिंग मऊ झाली की तोच अंधार दिसू लागतो. दांडी मधेच धरली तर दोन्ही बंद, जरा ढोसली की चालू. हे ज्यांच्या गाडीत होतंय त्यांचा स्विच खरंच गेलाय. तुमचं तसं नाही.

स्विच का जळतात, त्याचं गणित सोपं आहे. ६० वॉट भागिले १२ व्होल्ट म्हणजे ५ अँपिअर. दोन दिव्यांचे १०. रिले (स्विचऐवजी करंटचं ओझं उचलणारी डबी) नसलेल्या गाडीत हे १० अँपिअर त्या नखाएवढ्या पॉइंटवरून जातात. कंपनीने तेवढ्याचा हिशोब करूनच स्विच दिलेला असतो. मग मालक जास्त उजेडासाठी १००/९० चे बल्ब घालतो. झाले १६-१७ अँपिअर, वायर तीच, होल्डर तोच, पॉइंट तोच.

भाजीची गाडी घेऊन रात्री मुंबईकडे जाणारा एक पिकअपवाला माझ्याकडे आला होता. खंबाटकी घाटात समोरच्याला डिपर दिला आणि दोन्ही दिवे गेले. पास लाइटची दांडी ओढून धरत, एका हाताने स्टिअरिंग सांभाळत तो घाट उतरला. मी दांडी उघडली. डिपरची पट्टी तापून निळी पडली होती, तिच्याखालचं प्लास्टिक मेणासारखं खचलं होतं, पट्टी त्याच्याबरोबर खाली बसली होती आणि पॉइंटपर्यंत पोचतच नव्हती. होल्डर काढायला गेलो तर बिस्किटासारखा हातात चुरा. दिव्यांत होते १००/९०. गंमत अशी की इतका करंट घेऊनही उजेड त्याला हवा तेवढा मिळत नव्हता, कारण बारीक वायरमध्येच व्होल्टेज मरत होतं.

हॅलोजनचा उजेड व्होल्टेजला फार नाजूक असतो. बल्बाला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड दहा टक्क्यांनी नाही, तीस टक्क्यांच्या आसपास कमी होतो. म्हणून "दिवे मंद आहेत, मोठे बल्ब टाका" म्हणणाऱ्याला मी आधी व्होल्ट मोजायचा मीटर लावून दाखवतो. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर १३.८ आणि बल्बाच्या पिनांवर ११.५ दिसलं की बोलायला काही उरत नाही. अशा गाडीला ६०/५५ चेच बल्ब ठेवून रिले आणि जाड वायर घातली की मालक दुसऱ्या दिवशी येऊन विचारतो, कोणत्या कंपनीचे बल्ब टाकलेत?

रिले म्हणजे दुसऱ्याच्या हाताने काम करून घेणं. दांडीतून पाव अँपिअरपेक्षाही कमी करंट रिलेच्या कॉइलला जातो, कॉइलचा चुंबक होतो, तो आतली पट्टी खेचतो, आणि बॅटरीकडून जाड वायरने आलेला करंट थेट दिव्याला मिळतो. रिलेच्या बुडावर आकडे असतात: ८५ आणि ८६ कॉइलचे, ३० वर बॅटरी, ८७ वरून दिवा. पाच पायांच्या रिलेत ८७ए जास्त असतो, कॉइल बंद असताना ३० शी जोडलेला. काही जण एकाच पाच पायांच्या रिलेवर डिपर ८७ए ला आणि अप्पर ८७ ला देऊन मोकळे होतात. चालतं, पण तो रिले गेला तर दोन्ही जातात. मी दोन वेगळे रिले आणि दोन वेगळे फ्यूज घालतो. अप्पर गेला तर डिपरवर घरी पोचता आलं पाहिजे.

आता तुमची गाडी. एच४ ला मागे तीन पाय असतात: एक डिपरचा, एक अप्परचा आणि एक दोघांचा सामायिक. सामायिक पाय बॉडीला, म्हणजे अर्थिंगला जोडलेला. दोन्ही गुंडाळ्यांचं एकेक टोक या सामायिक पायावर आत जोडलेलं आहे, हे पक्कं लक्षात ठेवा.

डाव्या दिव्याची अर्थिंगची वायर गंजून तुटली असं समजू. तुम्ही डिपर लावला. करंट डाव्या बल्बाच्या डिपरच्या गुंडाळीतून सामायिक पायावर आला. तिथून बॉडीत जायचं तर वाट बंद. पण अप्परची गुंडाळीही तिथेच जोडलेली आहे. मग करंट तिच्यातून उलटा वर जातो आणि अप्परच्या वायरमध्ये शिरतो. ती वायर उजव्या दिव्यालाही जाते आणि मीटरमधल्या निळ्या दिव्यालाही. उजव्याचं अर्थिंग शाबूत आहे, त्यामुळे करंट उजव्या बल्बाच्या अप्परच्या गुंडाळीतून आणि थोडासा निळ्या दिव्यातून शेवटी बॉडीला पोचतो. १२ व्होल्ट एका गुंडाळीला मिळायचे ते तीन गुंडाळ्यांत वाटले गेले. म्हणून डावा मिणमिणतो, आणि नीट पाहिलंत तर त्याच्या दोन्ही गुंडाळ्या लालसर तापलेल्या दिसतील. निळ्या दिव्याला एकतृतीयांशाच्या आसपास व्होल्टेज मिळतं, म्हणून तो अर्धवट. अप्पर लावलात तर हाच प्रवास उलट्या बाजूने होतो, म्हणून डावा तेव्हाही तसाच. बल्ब नवा टाकून फरक पडणार कसा?

स्विचचा दोष असता तर दोन्ही दिव्यांना सारखाच त्रास झाला असता. दांडीतून निघालेली डिपरची वायर पुढे जाऊन डावी-उजवी फुटते. त्यामुळे एकच दिवा रडत असेल तर रोग फाट्याच्या पुढे आहे: त्या बाजूचा फ्यूज, कपलर (वायरींचा जोड), होल्डर, बल्ब किंवा अर्थिंग. आणि त्याबरोबर निळा दिवा उजळत असेल तर अर्थिंगच.

खात्री करायची असेल तर घरच्या घरी एक परीक्षा आहे. डिपर चालू ठेवून पास लाइटची दांडी ओढा. बऱ्याच गाड्यांत त्या क्षणी दोन्ही गुंडाळ्यांना एकदम करंट मिळतो. उजवा दिवा झगझगीत होईल, आणि डावा, जो आतापर्यंत निदान मिणमिणत होता, तो पूर्ण विझेल. त्याच्या दोन्ही टोकांना १२ व्होल्ट, मधे वाट नाही, मग करंट वाहणार कुठून? गिऱ्हाइकाला हे दाखवलं की ते माझ्याकडे जादूगारासारखं पाहतं, आणि मी मुद्दाम खुलासा करत नाही.

व्होल्ट मोजायचा मीटर असेल तर त्याहून सरळ. डिपर चालू, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन डाव्या कपलरच्या मागून अर्थिंगच्या वायरला. ही वायर बहुधा काळी असते. चांगल्या अर्थिंगला इथे जवळपास शून्य दिसतं. ०.२ व्होल्टच्या वर गेलं की मी साफसफाई करतो. तुमच्याकडे ७-८ व्होल्ट दिसले तर नवल नको. बॅटरी जोडलेली, दिवा बंद आणि मीटर ओहमवर ठेवून कंटिन्युइटी तपासण्यात मात्र फसू नका. गंजलेल्या वायरचा एकच धागा उरला असेल तरी मीटर टीं करून वाजतो, आणि ५ अँपिअरला तो धागा उभा राहत नाही. अर्थिंग नेहमी लोड चालू ठेवूनच तपासायचं.

दुरुस्ती अशी. डाव्या दिव्यापासून काळी वायर धरून मागे जा. बहुतेक वेळा ती बॅटरीच्या ट्रेखाली किंवा दिव्यामागच्या पत्र्यावर बोल्टने कसलेली सापडते. बॅटरीच्या आम्लाची वाफ आणि पाणी दोन्ही तिथे पोचतं, म्हणून थिंबल हिरवट-पांढरं झालेलं असतं. बोल्ट काढा, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. रंगावर बोल्ट कसून काही उपयोग नाही. वायर ताणून पाहा. कव्हर लांबत असेल तर आत तांबं संपलेलं आहे, तेवढा तुकडा कापा. नवं थिंबल दाबा, शक्य तर डागही द्या, बोल्ट कसा आणि वरून ग्रीसचा हात फिरवा. कपलर काढून डाव्या होल्डरचे पायही पाहा. एखादा करपलेला, सैल झालेला असेल तर होल्डर बदला, चिनी मातीचा मिळतो तो घ्या.

एक सावधगिरीची सूचना. काही गाड्यांत, विशेषतः जपानी वळणाच्या वायरिंगमध्ये, हे सगळं उलटं असतं. सामायिक पायावर बॅटरीचा प्लस येतो आणि दांडी अप्पर किंवा डिपरच्या वायरला अर्थिंग देते. लक्षणं अगदी हीच दिसतात, पण तिथे कारण त्या बाजूचा उडालेला फ्यूज असतो. म्हणून सामायिक वायरवर टेस्ट लॅम्प (करंट आहे का ते दाखवणारा दिवा) लावण्याआधी दोन्ही हेडलाइटचे फ्यूज उपसून पाहून घ्या, दोन मिनिटं लागतात. आणि कधी असंही झालं की दोन्ही दिवे बंद आणि निळा मात्र झकास लागलाय, तर समजा दोन्ही बाजूंचं अर्थिंग एका बोल्टवर आहे आणि तो बोल्टच सुटलाय. सगळा करंट त्या इवल्याशा निळ्या बल्बातून बॉडी शोधत असतो.

हे झालं एच४ चं. ज्या गाड्यांत अप्पर आणि डिपरला दोन वेगळे बल्ब असतात, म्हणजे एच७, एच१ वगैरे, तिथे सामायिक पायाची ही भानगड नाही. बहुतेकदा डिपर चालूच राहतो आणि अप्पर त्यात भर घालतो. एच४ मध्ये असं कायमचं करता येत नाही, एकाच नळीत ११५ वॉट तापले तर बल्ब टिकायचा नाही. म्हणून पास लाइट क्षणभरच. "अप्परबरोबर डिपरही चालू ठेवा, उजेड वाढतो" म्हणून मधे वायर मारून देणारे आहेत. तसं करून घेऊ नका.

प्रोजेक्टरवाल्या दिव्यात एकच प्रकाश, समोर फुगीर भिंग, आणि मधे पत्र्याचा छोटा पडदा. भिंग चित्र उलटं करतं, म्हणून खालून उभा असलेला पडदा रस्त्यावर वरचा अंधार बनून पडतो. अप्परला विजेचा चुंबक तो पडदा खाली खेचतो. युद्धाआधीच्या इंग्रज गाड्यांतला तोच चुंबक, फक्त रिफ्लेक्टरऐवजी पडदा ओढतो. गाडी बंद गॅरेजात उभी करून, इंजिन बंद ठेवून दांडी हलवा, बॉनेटखालून टक असा आवाज येईल. झेनॉन वायूच्या दिव्यांत ही युक्ती आवश्यकच होती, कारण झेनॉनचा दिवा पेटून पूर्ण उजळायला काही सेकंद घेतो, तो दर वळणावर विझवत-पेटवत बसता येत नाही. पडद्याला स्प्रिंग असते आणि करंट गेला की तो आपोआप डिपरच्या जागी येतो. बिघाड झाला तर समोरच्याला त्रास होऊ नये, अशी रचना. टक आवाज येतोय पण अप्पर होत नाही, तर पडदा अडकलाय. आवाजच नाही, तर आधी चुंबकाची वायर.

नव्या गाड्यांत दांडी फक्त निरोप देते. निरोप जातो बॉडी कंट्रोल मॉड्यूलला, म्हणजे गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरला, आणि दिवा लावायचा की नाही ते मॉड्यूल ठरवतं. आरशामागे कॅमेरा असेल तर समोरचे दिवे किंवा पुढच्या गाडीचे लाल दिवे पाहून तोच डिपर करतो. अशा गाडीत जुन्या सवयीने टेस्ट लॅम्प घेऊन वायरी टोचत बसू नये. मॉड्यूल जळलं तर त्याच्या किमतीत जुन्या गाडीचं आख्खं वायरिंग नवं होईल.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगून ठेवतो, कारण होल्डर उघडलाच आहे तर दुकानदार तुम्हाला एलईडी बल्ब दाखवणारच. एच४ च्या रिफ्लेक्टरला ती तारेची गुंडाळी ठरावीक जागी, ठरावीक जाडीची हवी असते. एलईडीची चिप सपाट, दोन बाजूंना, आणि मधल्या पट्टीच्या जाडीमुळे जागेवरून सरकलेली. भिंतीवर लावून पाहिलं की बहुतेकांची रेघ फाटलेली दिसते. समोर पांढराशुभ्र उजेड दिसतो म्हणून मालक खूश, आणि त्यातला बराचसा समोरच्याच्या डोळ्यांत. पावसाळ्यात कुंभार्ली घाटात धुकं असलं की हाच वर गेलेला उजेड परत आपल्यावर येतो आणि काचेपुढे पांढरी भिंत उभी राहते. चिपळूणहून रात्री वर आलेले कितीतरी जण सकाळी येऊन जुने पिवळे बल्ब परत घालून गेलेत.

अर्थिंग झालं की शेवटी दिवे भिंतीवर लावा, कारण होल्डर काढताना-घालताना बल्ब जरा तिरका बसला तरी झोत भरकटतो. एच४ च्या कड्याला तीन कान असतात, त्यातला एक रुंद. तो बरोबर खाचेत वर बसायला हवा, जोर लावून बसवायचा नाही. सपाट जागा पाहा, टायरची हवा नीट करा, गाडीत चालकाच्या जागी एक माणूस बसवा आणि गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी करा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजा आणि भिंतीवर त्याच उंचीच्या १० सेंटिमीटर खाली खडूने आडवी रेघ ओढा. डिपरची कड त्या रेघेवर यायला हवी. म्हणजे दर मीटरला एक सेंटिमीटर उतार. दिव्याच्या कपाळावर १.० टक्का असा आकडा असेल तर तो हाच. दुसरा आकडा असेल तर त्याप्रमाणे घ्या. दिवा ६५ सेंटिमीटर उंचीवर असेल तर या उताराने झोत साधारण ६५ मीटरवर रस्त्याला टेकतो. ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे डिपरवर तुमच्या हातात तीन सेकंद आहेत.

स्टिअरिंगच्या उजवीकडे खाली ० ते ३ आकड्यांचं एक छोटं चाक असेल. ते दिवे खाली झुकवायचं आहे, मागच्या सीटवर माणसं आणि डिकीत सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं त्यासाठी. कित्येकांच्या गाडीत ते लहान मुलांनी खेळता खेळता तीनवर नेऊन ठेवलेलं असतं, आणि मग डिपर दहा पावलांवर पडतो म्हणून दिवे बदलायला येतात. भिंतीवर माप घेण्याआधी ते शून्यावर आणा.